सर्जनच्या हाताला खरंच ‘गुण’ असतो का? ऑपरेशनआधी सर्जनची पारख कशी करायची?

सोनोग्राफीचा रिपोर्ट येतो. पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर सांगतात. घरी पोहोचेपर्यंत फॅमिली ग्रुपवर चार-पाच नावं आलेली असतात. ‘शेजारच्या काकूंचं यांनीच केलं, हाताला गुण आहे त्यांच्या.’ ‘ते नकोत, नीट बोलतच नाहीत.’ ‘मोठ्या हॉस्पिटलमध्येच जा, पैशांकडे बघू नका.’

दोन दिवसांत निर्णय होतो. तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी एका अनुभवावर झालेला असतो.

फ्रीज घेताना चार दुकानं फिरणारं कुटुंब ऑपरेशनच्या वेळी मात्र फारसं काही विचारत नाही. कारण नेमकं काय विचारायचं, हेच माहीत नसतं. सर्जनचं कौशल्य रुग्णाला दिसत नाही. ते दाखवलं जातं तेव्हा रुग्ण भुलेखाली असतो.

मग ते ओळखायचं कसं?

‘हाताला गुण’ ही नुसती समजूत आहे का?

नाही. सर्जन-सर्जनमध्ये फरक असतो आणि तो मोजताही येतो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या 20 सर्जननी आपल्या एकेका ऑपरेशनचा व्हिडिओ अभ्यासासाठी दिला. दुर्बिणीतून होणाऱ्या या ऑपरेशनचे व्हिडिओ इतर सर्जननी पाहिले आणि गुण दिले. व्हिडिओतले हात कुणाचे आहेत, हे त्यांना सांगितलं नव्हतं. मग हे गुण त्या सर्जनच्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आले.

2013 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटातल्या सर्जनच्या 14.5 टक्के रुग्णांना ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली होती. सर्वांत जास्त गुण मिळालेल्या गटात हे प्रमाण 5.2 टक्के होतं. मृत्यूचं प्रमाण अनुक्रमे 0.26 आणि 0.05 टक्के होतं.

हे सगळे प्रशिक्षित, परवानाधारक सर्जन होते आणि एकच ऑपरेशन करत होते. तरीही एवढा फरक होता.

अडचण एवढीच की हा फरक दुसऱ्या सर्जनना व्हिडिओ पाहून कळला. रुग्णाला असा व्हिडिओ पाहायला मिळत नाही आणि मिळाला तरी त्यातून काही समजणार नाही. त्यामुळे रुग्णाला आजूबाजूच्या खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. त्यातल्या काही खुणा उपयोगी असतात, काही फसव्या.

डिग्रीवरून किती कळतं?

डिग्री म्हणजे पहिली चाळणी. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमएस किंवा डीएनबी केलं की डॉक्टर सर्जन होतो. मेंदू, हृदय, मूत्रमार्ग, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया अशा शाखांसाठी त्यापुढे एमसीएच किंवा त्या विषयातलं डीआरएनबी (पूर्वीचं डीएनबी) असतं.

नावापुढच्या बाकीच्या अक्षरांचं वजन सारखं नसतं. एखादी फेलोशिप दोन वर्षं पूर्णवेळ काम करून मिळते, तर एखादी काही दिवसांच्या कोर्सनंतर. त्यामुळे ‘ही फेलोशिप किती काळाची होती?’ हा प्रश्न रास्त आहे. ‘एमएस’ ही अक्षरं आयुर्वेदातल्या पदव्युत्तर पदवीलाही लागतात, तेव्हा पुढे काय लिहिलं आहे तेही वाचावं.

महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. डॉक्टरचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून कौन्सिलच्या वेबसाइटवर ती तपासता येते. नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. एमएस, एमसीएच अशा पुढच्या पदव्याही तिथे नोंदलेल्या असाव्या लागतात.

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि प्रत्येकाने करावं. पण त्यातून ‘हा डॉक्टर ऑपरेशन करण्यास पात्र आहे’ एवढंच कळतं. तो ते किती चांगलं करतो, हे कळत नाही.

तरुण की अनुभवी? गोड बोलणारा की तुटक?

‘केस पांढरे झालेले डॉक्टर बरे’ असं अनेकांना वाटतं. काहींना उलट वाटतं, की नवीन तंत्र तरुणांनाच येतं. 2018 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतल्या ज्येष्ठ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या आतल्या सर्जनच्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण 6.6 टक्के होतं आणि साठीपुढच्या सर्जनच्या रुग्णांमध्ये 6.3 टक्के. सर्जन स्त्री आहे की पुरुष, याने लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे वय पाहून सर्जन निवडण्यात फार काही हाती लागत नाही.

इंटरनेटवरचे स्टार कशाचे असतात, हेही पाहायला हवं. किती वेळ थांबावं लागलं, रिसेप्शनवर कसं बोलले, बिल किती झालं, पार्किंग होतं का, अशा गोष्टी रुग्णाला दिसतात आणि तो त्यावर गुण देतो. आतले टाके कसे पडले, हे त्याला दिसत नाही. बाहेरचा व्रण सुबक असला म्हणजे आतलं काम सुबक झालं, असंही नाही.

बोलण्याचं मात्र थोडं वेगळं आहे. गोड बोलणं म्हणजे कौशल्य नव्हे. पण प्रश्नांना सरळ उत्तर देणं ही चांगली खूण आहे. ऑपरेशननंतर काही बिघडलं, तर याच माणसाला रात्री फोन करायचा असतो.

सर्वांत उपयोगी प्रश्न कोणता?

‘हेच ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलं आहे आणि वर्षाला साधारण किती करता?’

यात ‘हेच’ हा शब्द महत्त्वाचा. ‘10 हजार यशस्वी शस्त्रक्रिया’ असं पोस्टरवर लिहिलेलं असतं. त्यात हर्निया किती, अपेंडिक्स किती आणि तुम्हाला हवं असलेलं ऑपरेशन किती, हे लिहिलेलं नसतं.

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेवर 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी अशी 10 ऑपरेशनं केलेल्या सर्जनच्या रुग्णांमध्ये पाच वर्षांत कर्करोग परत दिसण्याची शक्यता 17.9 टक्के होती. 250 ऑपरेशनं केलेल्या सर्जनच्या बाबतीत ती 10.7 टक्क्यांवर आली. त्यापुढे मात्र फारशी सुधारणा दिसली नाही. म्हणजे हात बसायला वेळ लागतो, पण एकदा बसला की आणखी हजार केसेसनी तेवढा फरक पडत नाही.

प्रत्येक ऑपरेशनला हे सारखंच लागू होत नाही. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची 2002 मध्ये तुलना झाली. स्वादुपिंडाचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या हॉस्पिटलांमध्ये मृत्यूचं प्रमाण 16.3 टक्के होतं, तर सर्वांत जास्त करणाऱ्यांमध्ये 3.8 टक्के. मेंदूला रक्त पुरवणारी मानेतली धमनी साफ करण्याच्या ऑपरेशनमध्ये मात्र हेच आकडे 1.7 आणि 1.5 टक्के होते.

यातून एक व्यवहारी नियम निघतो. हर्निया, अपेंडिक्स, साधे पित्ताचे खडे यांसाठी गावातला किंवा तालुक्यातला, हे काम नियमित करणारा सर्जन पुरेसा असतो. त्यासाठी मुंबई-पुणे गाठायची गरज सहसा नसते. स्वादुपिंड, अन्ननलिका, यकृत, मेंदूतली गाठ, जन्मजात हृदयदोष अशा गोष्टींसाठी मात्र जिथे हे काम रोजचं आहे, तिथवर जाण्याचा त्रास घेणं फायद्याचं ठरतं.

सर्जन तोच, हॉस्पिटल वेगळं. फरक पडतो?

पडतो. महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये एकच सर्जन सकाळी एका नर्सिंग होममध्ये, दुपारी दुसऱ्या आणि संध्याकाळी तिसऱ्या ठिकाणी ऑपरेशन करताना दिसतो. म्हणून हा मुद्दा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एकापेक्षा जास्त हॉस्पिटलांमध्ये काम करणाऱ्या हृदयशल्यविशारदांचा अभ्यास झाला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या हॉस्पिटलमध्ये सर्जनची ऑपरेशनं वाढली की तिथले त्याचे निकाल सुधारत होते. पण तो फायदा त्याच्यासोबत दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जात नव्हता. ओळखीचा भूलतज्ज्ञ, सवयीच्या नर्स, माहितीची उपकरणं हे सगळं मिळून कौशल्य बनतं.

त्यामुळे सर्जन पक्का केल्यावर पुढचा प्रश्न: ‘तुम्ही हे ऑपरेशन नेहमी कुठे करता?’ जिथे त्यांची जास्तीत जास्त ऑपरेशनं होतात, शक्यतो तिथेच करून घ्यावं.

दुसरा मुद्दा ऑपरेशननंतरचा आहे. चांगल्यातल्या चांगल्या सर्जनच्या रुग्णालाही गुंतागुंत होऊ शकते. 2009 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात जास्त मृत्यू होणाऱ्या आणि कमी मृत्यू होणाऱ्या हॉस्पिटलांची तुलना झाली. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. पण गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी एकीकडे 21.4 टक्के रुग्ण दगावले, तर दुसरीकडे 12.5 टक्के. बिघाड वेळेत लक्षात येणं आणि रुग्णाला सावरणं, यात हा फरक होता.

म्हणून ‘रात्री दोन वाजता ताप चढला, पोट फुगलं, तर इथे कोण असेल?’ हा प्रश्न ऑपरेशन कोण करणार याइतकाच महत्त्वाचा आहे. आयसीयू त्याच इमारतीत आहे का, की रुग्णवाहिकेने हलवावं लागेल, हेही विचारावं.

तिसरी गोष्ट अगदी साधी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशन थिएटरसाठी 19 मुद्द्यांची एक यादी तयार केली आहे. रुग्ण कोण, ऑपरेशन कोणतं, कोणत्या बाजूचं, ॲलर्जी आहे का, शेवटी कापसाचे बोळे आणि उपकरणं मोजली का, अशा गोष्टी मोठ्याने वाचून तपासायच्या असतात. नवी दिल्लीसह आठ शहरांमधल्या आठ हॉस्पिटलांमध्ये ही यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आलं आणि गुंतागुंत 11 वरून 7 टक्क्यांवर. ‘तुमच्याकडे सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट वापरतात का?’ असं विचारायला काहीच हरकत नाही.

मग सर्जनचे निकाल जाहीरच का करत नाहीत?

हा प्रश्न शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. बोस्टनमधले सर्जन अर्नेस्ट कॉडमन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवत. वर्षभराने रुग्ण कसा आहे, काही चुकलं असेल तर का चुकलं, हे ते त्यावर लिहीत. प्रत्येक हॉस्पिटलने असंच करावं आणि निकाल लोकांसमोर ठेवावेत, असा त्यांचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो रुचला नाही.

पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये याची किंमत मोठी मोजावी लागली. तिथल्या रॉयल इन्फर्मरीत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचे निकाल वाईट होते. स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने आकडे गोळा करून हे दाखवलं, पण बराच काळ त्यांचं कुणी ऐकलं नाही. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीचा अहवाल 2001 मध्ये आला. 1991 ते 1995 या काळात एक वर्षाखालच्या 30 ते 35 बाळांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त झाले होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये सर्जनचे निकाल जाहीर करण्याला वेग आला.

न्यूयॉर्क राज्यात बायपास सर्जरीचे सर्जननिहाय आकडे 1991 मध्ये, एका वृत्तपत्राच्या न्यायालयीन लढाईनंतर, लोकांसमोर आले. पण आकड्यांचीही एक अडचण आहे. सर्वांत अवघड रुग्ण घेणाऱ्या सर्जनचे आकडे वाईट दिसतात. मृत्यूदर जाहीर होणार म्हटल्यावर काही सर्जन जास्त जोखमीचे रुग्ण टाळू लागतात. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातल्या 2003 च्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं.

भारतात सर्जननिहाय निकाल जाहीर करणारी सार्वजनिक व्यवस्था नाही. एनएबीएच मानांकनावरून हॉस्पिटलच्या कार्यपद्धतीबद्दल काही कळतं, पण एखाद्या सर्जनबद्दल नाही. म्हणून इथे सर्जनला थेट विचारण्याला पर्याय नाही.

‘तुमच्या रुग्णांमध्ये या ऑपरेशनची गुंतागुंत साधारण किती जणांना होते?’ असं विचारा आणि उत्तर नीट ऐका. ‘माझ्याकडे काहीच होत नाही’ हे उत्तर दिलासा देणारं वाटतं, पण ते काळजीचं आहे. भरपूर ऑपरेशनं करणाऱ्या प्रत्येकाला गुंतागुंत पाहावी लागते. जो ती मोजतो, तो आकडा सांगतो, कारण सांगतो आणि आली तर काय करणार तेही सांगतो.

पित्ताशयाचंच उदाहरण घ्या. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना सूज फार असेल, तर पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका असतो. अशा वेळी चांगला सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडून ऑपरेशन पूर्ण करतो. नातेवाइकांना ते अपयश वाटतं. खरं तर तो शहाणपणा असतो. ‘कधी उघडून करावं लागलं आहे का?’ या प्रश्नाला ‘हो, गरज पडली तेव्हा केलं’ हे चांगलं उत्तर आहे.

बाहेर कुणाला विचारायचं?

ज्यांनी सर्जनला काम करताना पाहिलं आहे, त्यांना. ब्रिस्टलमध्ये भूलतज्ज्ञाच्या लक्षात आलं, यात आश्चर्य नाही. पडद्याच्या पलीकडून तो रोज पाहत असतो. भूलतज्ज्ञ, थिएटरमधली नर्स, निवासी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट यांपैकी कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना विचारा. ‘हे डॉक्टर कसे आहेत?’ असं न विचारता ‘तुमच्या आईचं हेच ऑपरेशन असतं, तर कुणाकडे नेलं असतं?’ असं विचारलं की उत्तर जास्त खरं येतं.

फॅमिली डॉक्टरचा सल्लाही मोलाचा असतो. पण रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याची ‘कट प्रॅक्टिस’ महाराष्ट्राला नवी नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत असं कमिशन घ्यायला मनाई आहे. 2017 मध्ये राज्य सरकारने तिच्याविरोधात कायद्याचा मसुदा करण्यासाठी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली होती. म्हणून एकच नाव सुचवलं गेलं, तर ‘आणखी दोन नावं सांगाल का?’ एवढं विचारावं.

ऑपरेशन नको म्हणणारा सर्जन

कधी चाकू लावायचा नाही, हे कळणं हासुद्धा कौशल्याचा मोठा भाग आहे. पित्ताशयात खडे आहेत पण त्रास नाही, अशा अनेकांना लगेच ऑपरेशनची गरज नसते. गुडघेदुखी, पाठदुखी, गर्भाशय काढणं या बाबतीतही आधी इतर उपाय शक्य आहेत का, हे विचारायलाच हवं.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात 2008 मध्ये स्पष्ट केलं आहे, की उपचार काय, का, त्याचे धोके कोणते आणि पर्याय कोणते, याची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी संमती. एका प्रक्रियेसाठी घेतलेली संमती दुसरी शस्त्रक्रिया करण्यासाठी वापरता येत नाही. जीव वाचवण्यासाठी लगेच ती करणं भाग असेल, तर गोष्ट वेगळी. त्यामुळे सही करण्याआधी फॉर्म वाचणं हा डॉक्टरवरचा अविश्वास नाही.

सेकंड ओपिनियन घेणं हाही रुग्णाचा हक्क आहे. त्यासाठी लागणारे कागद मागितल्यापासून 72 तासांत देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. दुसरं मत शक्यतो दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या, पहिल्या डॉक्टरने न सुचवलेल्या सर्जनचं घ्यावं. चांगला सर्जन याने दुखावत नाही.

सोबत न्यायचे प्रश्न

भेटीच्या वेळी गोंधळ होतो, म्हणून हे कागदावर लिहून न्यावेत. सोबत घरातलं एक शांत माणूस असावं.

- हे ऑपरेशन आत्ताच करायला हवं का? थांबलो तर काय होईल?
- दुसरा पर्याय कोणता?
- हेच ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता?
- गुंतागुंत कोणती आणि किती जणांना होते? माझ्या वयात, शुगर-बीपी धरून धोका किती?
- ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का? सोबत कोण असेल?
- भूल कोण देणार? त्यांना आधी भेटता येईल का?
- ऑपरेशननंतर रात्री रुग्णाजवळ कोण असेल? आयसीयू कुठे आहे?
- घरी गेल्यावर काही झालं, तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

सरकारी हॉस्पिटल आणि इमर्जन्सीत काय?

सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये सर्जन निवडता येत नाही, रुग्ण एखाद्या युनिटकडे जातो. ऑपरेशन निवासी डॉक्टर करत असतील, तर वरिष्ठ सोबत असतील का, एवढं विचारता येतं. तिथली गर्दी त्रासदायक असते. पण त्याच गर्दीमुळे तिथल्या हातांना सरावही असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खासगी हॉस्पिटलमध्ये जाणाऱ्यांनी मात्र वरचे सगळे प्रश्न विचारावेत. योजनेतून मोफत होतंय म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क जात नाही.

अपघात, फुटलेलं अपेंडिक्स, पोटातला रक्तस्राव अशा वेळी यातलं काहीच करत बसू नये. तेव्हा सर्वांत चांगला सर्जन तोच, जो सर्वांत लवकर मिळेल.

ठरवून करायच्या ऑपरेशनमध्ये मात्र बहुतेक वेळा हातात काही दिवस असतात. हाताला गुण असतो, हे खरंच आहे. तो सरावातून येतो, सोबतच्या टीममधून येतो आणि स्वतःचे निकाल मोजण्याच्या सवयीतून येतो. या तिन्ही गोष्टी रुग्णाला दिसत नाहीत, पण विचारता येतात. विचारल्यावर जो सर्जन खुर्ची पुढे ओढून उत्तरं देतो आणि जो घड्याळाकडे बघतो, त्यांच्यातला फरक कळायला मेडिकलची डिग्री लागत नाही.